वाघदेवाने रस्ता ओलांडला

ते प्रकरण आठवलं की मला आजही आधी हसू येतं आणि माझ्यातला पोलीस मागाहून जागा होतो. उभ्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, सख्ख्या भावांनी बांधासाठी फोडलेली डोकी पाहिली. पण ‘आमचा देव हरवलाय, शोधून द्या’ अशी फिर्याद एकदाच लिहून घेतली. ती तलासरीच्या हद्दीत, महामार्गाला लागून असलेल्या एका पाड्यावरची. साल २०१७, उन्हाळ्याचे दिवस आणि लग्नसराई ऐन भरात. नावं मी कुणाचीच सांगणार नाही. त्यातली बहुतेक माणसं अजून तिथेच राहतात आणि मी गेलो की चहा पाजतात. तो चहा मला बंद करायचा नाही.

गुन्ह्याचं मूळ रस्त्यात आहे, म्हणून आधी रस्त्याबद्दल सांगतो. मुंबई-अहमदाबाद महामार्ग आमच्या हद्दीतून जातो. मी नवखा फौजदार म्हणून या भागात पहिल्यांदा आलो, तेव्हा तो दुपदरी होता. तेव्हा मरायचे ते ट्रकवाले. ओव्हरटेक करताना समोरासमोर धडक, केबिनचा चुराडा, आणि नातेवाइकांची वाट बघत दोन दिवस पडून राहिलेला कुठल्यातरी परमुलखातला ड्रायव्हर. मग रस्ता चौपदरी झाला. मध्ये दुभाजक आला आणि समोरासमोरच्या धडका जवळपास संपल्या. आम्हाला वाटलं, सुटलो. पुढे सहा पदर झाले, डांबर आरशासारखं गुळगुळीत झालं, गाड्या पळू लागल्या आणि मरणारे बदलले. आता मरू लागले पायी चालणारे आणि मोटारसायकलवाले, म्हणजे रस्त्याकाठची आमचीच माणसं. आकडे मी देत नाही. ते सरकार दरवर्षी छापतं आणि दरवर्षी कुणीतरी त्यावर खेद व्यक्त करतं. मी एवढंच सांगतो की बदलीवर बाहेर जाऊन मी प्रभारी अधिकारी म्हणून पुन्हा याच ठाण्यात आलो, तेव्हा अपघाती मृत्यूंचं काम कमी झालेलं नव्हतं. फक्त मृताच्या नातेवाइकांना शोधायला आता लांब जावं लागत नव्हतं.

मी म्हणतो तो पाडा रस्त्याने मधोमध कापला होता. पूर्वेकडे मोठा पाडा, पश्चिमेकडे लहान. दोन्हीकडची माणसं एकमेकांची सोयरी आणि देव एकच, वाघदेव. सागाच्या जाड फळीवर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, अंगावर पिढ्यान्‌पिढ्यांचा शेंदूर. तो पश्चिमेला मोहाच्या झाडाखाली उभा होता. रस्ता मागून आला, देव आधीचा. घरात लग्न असलं की आधी वाजतगाजत जाऊन वाघदेवाला मान द्यायचा, त्याशिवाय नवऱ्याला किंवा नवरीला हळद लागत नाही, अशी तिथली रीत. त्यामुळे पूर्वेकडच्या प्रत्येक लग्नाचं वऱ्हाड हातात टोपल्या, कोंबडा आणि नारळ घेऊन सहा पदर ओलांडून जायचं. त्यासाठी लोकांनी दुभाजकाचे दगड सरकवून वाट केली होती. अशा वाटेला महामार्गावर सगळे ‘कट’ म्हणतात. महामार्गाचे लोक कट बंद करायचे आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उघडलेला असायचा. आम्ही समज दिली, बैठका घेतल्या, रस्ता सुरक्षा सप्ताहात पत्रकं वाटली. पत्रकं शेगडी पेटवायला बरी पडत होती, असं मला नंतर कळलं.

थोडं पुढे गुरांसाठी रस्त्याखालून बांधलेला बोगदा होता. आठ-दहा माणसं शेजारी शेजारी सहज जातील एवढा रुंद आणि सरकारी खर्चाने पक्का. पण त्यातून गुरंसुद्धा नाखुशीने जायची. शेजारच्या हॉटेलचं सांडपाणी तिथे साचायचं, वटवाघळं लटकायची, आणि मुख्य म्हणजे वळसा पडायचा. इतक्या वर्षांत माझं एक मत झालंय. माणूस मरणाला भीत नाही, वळशाला भितो.

तर त्या दिवशी सकाळी मी ठाण्यात पोचलो तेव्हा आवारात पश्चिमेच्या पाड्यावरची माणसं बसली होती. त्यांचा कारभारी ठाणे अंमलदारासमोर उभा राहून सांगत होता, “आमचा वाघ गेला.” अंमलदार नवा होता, त्याने वनखात्याला फोन लावायला घेतला. मी आत बोलावून नीट विचारलं, तेव्हा कळलं की मोहाखालचा वाघदेव पहाटे जागेवर नव्हता.

“कुणावर संशय?” मी विचारलं.

“संशय कनाला? पूर्वेवाल्यांनीच नेला. त्यांना वाटं, देव आपले बाजूला पायजे.” कारभाऱ्याचा आवाज चढला. “साहेब, माझे पुतण्याचां लगीन आहे, आठ दिसांवर. पोशी पूर्वेचीच. देव नाय तर हळद नाय, हळद नाय तर लगीन नाय. आनि चोरांचे घरची पोशी मी घरात नाय घेणार.”

म्हणजे मुलगा पश्चिमेचा, मुलगी पूर्वेची, आणि देव न मिळाला तर लग्न मोडणार. शिवाय रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दोन पाडे काठ्या घेऊन उभे राहणार आणि मधून ताशी शंभरने ट्रक जाणार, हे चित्र माझ्या डोळ्यांसमोर लगेच उभं राहिलं. अज्ञात इसमाविरुद्ध चोरीचा गुन्हा दाखल करून घेतला, स्टेशन डायरीला नोंद केली आणि हवालदाराला घेऊन निघालो. हा हवालदार कोसबाडकडचा. तिकडची बोली त्याच्या घरातलीच, म्हणून मला त्याचा फार आधार.

जागेचा पंचनामा करताना मी जरा चक्रावलो. फळी उपटल्यावर राहिलेला खड्डा नीट बुजवलेला होता आणि वरून शेणाने सारवलेलं होतं. बाजूला फोडलेला नारळ आणि तांदळाच्या दाण्यांच्या बारीक बारीक ढिगल्या. इतका नीटनेटका चोर मी तोवर पाहिला नव्हता. मी हवालदाराकडे पाहिलं.

“पूजेचेच असतील,” तो म्हणाला. मलाही ते पटलं, कारण लग्नसराईत तिथे रोज कुणी ना कुणी येत होतं.

दुपारी पहिली खबर आली. ती बोगद्याशेजारच्या हॉटेलवाल्या शेठने दिली. मला कोपऱ्यात नेऊन तो हळू आवाजात म्हणाला, “साहेब, माझा नाम नाय आला पाहिजे हां. परवा मुंबईची गाडी आली. दोन जण उतरला, वाघदेवना फोटो पाडला. एक बोलला, आ तो रिसॉर्टमां मस्त लागे.”

आता हे ऐकून कुठल्या पोलिसाचे कान टवकारणार नाहीत? आदिवासी भागातल्या जुन्या कोरीव वस्तू शहरातल्या दिवाणखान्यात जातात, हे मला माहीत होतं. डोक्यात लगेच आंतरराज्य टोळी तयार झाली. डहाणूच्या किनाऱ्याकडच्या एका रिसॉर्टमध्ये नुकताच ‘वाघाचा लाकडी देव’ आणून ठेवलाय, असं दुसऱ्या दिवशी एका खबऱ्याने सांगितलं, तेव्हा तर मी जेवण अर्धं टाकून उठलो. जीप डहाणू रोड स्टेशनाजवळच्या गर्दीत अडकली, तेव्हा मला एकेक रिक्षावाला टोळीचा माणूस वाटत होता.

रिसॉर्टच्या स्वागतकक्षात वाघ होता खरा. एसीच्या झोताखाली, गळ्यात प्लास्टिकची फुलं. मॅनेजरचा चेहरा आम्हाला पाहून पांढरा पडला. हवालदार वाघासमोर वाकला, डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला आणि सरळ उभा राहिला.

“साहेब, हा वाघ नाही. मांजर आहे.”

फळी उलटी केली तर पाठीवर कुरिअरचं स्टिकर. मॅनेजरने परराज्यातून ऑनलाइन मागवलेला वाघ होता तो. मॅनेजरच्या जिवात जीव आला, त्याने आम्हाला चिकूचं आइस्क्रीम खाऊ घातलं आणि माझी आंतरराज्य टोळी तिथेच विरघळली. परतीच्या वाटेवर हवालदार खिडकीबाहेर पाहत होता, पण त्याचे खांदे हलत होते. मीही मग हसून घेतलं.

इकडे पाड्यांवर विचारपूस चालू होती. हवालदाराने पूर्वेकडच्या घराघरांत जाऊन विचारलं, “देव कुणी चोरला?” सगळीकडे एकच उत्तर, “कोणी नाय चोरला.” म्हातारे, बायका, शाळेतला मास्तर, सगळे शांतपणे तेच सांगत. पश्चिमेकडे मात्र सुतकी कळा होती. नवऱ्या मुलाच्या दारात मांडवाचे खांब आडवे पडले होते आणि तो बिचारा मोबाइल हातात धरून त्यांच्यावरच बसलेला दिसायचा. मला बघून उठायचा, मी मान हलवली की परत बसायचा. लग्न जवळ आलं होतं आणि माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

गाडं हललं ते एका फोनने, आणि तो फोन चोरीबद्दल नव्हताच. महामार्गाच्या देखभालीचा सुपरवायझर बोलत होता. या माणसाचा आणि माझा संबंध म्हणजे त्याने कट बंद करायचा आणि लोकांनी तो उघडला की माझ्याकडे तक्रार करायची.

“साहेब, पाड्यावर काही झालंय का?” त्याने काळजीने विचारलं. “चार दिवस झाले कट बंद करून. दगड अजून जागेवर आहेत.”

मी फोन ठेवला आणि खुर्चीत मागे टेकलो. ज्यांचा देव चोरीला गेला, ती माणसं काय करतील? रोज त्या मोहाखाली जातील, हळहळतील, शोधतील, नवस बोलतील. वाट बंद असली तर दगड बाजूला करतील. पूर्वेच्या पाड्यावरून चार दिवसांत एकही माणूस तिकडे फिरकला नव्हता. मग मला आणखी एक गोष्ट आठवली. पश्चिमेला मांडव आडवा पडला होता, पण पूर्वेला नवरीच्या घराशी परवा मी गेलो तेव्हा भिंतीला ताजा गेरू होता, अंगणात तांदूळ कांडला जात होता आणि बायका गात होत्या. हळद लागणार की नाही याचा पत्ता नसलेल्या घरात गाणी कोण म्हणेल? ज्याला देव कुठे आहे ते ठाऊक आहे, तोच. आणि सारवलेला खड्डा, ते दाणे? एखादी गोष्ट करावी की नाही हे तिकडे देवाला तांदळाचे दाणे टाकून विचारतात. माझ्या चोराने चोरी करण्याआधी मालकाची परवानगी घेतली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवरीच्या घरी गेलो. घरात कर्ता पुरुष नव्हता. नवरीची आजी होती, आणि तीच त्या भागातली धवलेरी, म्हणजे लग्नाची गाणी म्हणून लग्न लावणारी बाई. कितीतरी जोडपी तिने उभी केली होती. मी तिला ओळखत होतो, आणि ती ओळख चांगली नव्हती. आदल्या दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, तिचा मुलगा देवापुढे दिवा लावायला म्हणून निघाला आणि त्या कटात गेला. पंचनामा मीच केला होता. नवरी त्याचीच मुलगी.

आजीने आम्हाला ओसरीवर बसवलं आणि नीरा पुढे केली. मी घोट घेतला, चौकशीची सुरुवात कशी करावी ते मनात जुळवलं, आणि शेवटी सरळच विचारलं.

“आजी, वाघदेव कुठं आहे?”

“घरात. कनगीच्या मांगं.”

हवालदाराच्या हातातला पेला तसाच राहिला. “मग इतके दिस सांगितलं का नाही?”

“तू कुठं इचारलांस?” ती त्याच्यावरच उखडली. “तू इचारी, कोणी चोरला. कोणी नाय चोरला. मी खरां तां सांगलां.”

पोलीस प्रशिक्षणात आम्हाला चौकशीचे नाना प्रकार शिकवतात. आमचं उत्तर त्या पाड्यावर चार दिवस मोकळं फिरत होतं आणि आम्ही त्याला भलताच प्रश्न विचारत होतो. मी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कशासाठी आणला, आजी?”

आतून गेरूचा ओला वास येत होता. आजी म्हणाली, “माझा पोऱ्या गेला, तवापासून मी रस्त्यावर पाय नाय ठेवला. देवाला जायाचां तर बोगद्यातून जातां. चिखलातून, पण जातां. आथा नातीचां लगीन. सगळा पाडा नाचत, तारपा वाजवीत त्या कटातून जाणार. कोणी माझां ऐक नाय. सगळी बोलत, वळसा पडं. मंग मी देवालाच इचारलां. आमी येऊ का तू येस?”

“मग?”

“दाण्यांची जोडी आली. तो बोलला, मीच येतां.”

पहाटे पाच-सहा बायका बोगद्यातून पलीकडे गेल्या. त्यांनी नारळ फोडला, नव्या लुगड्यात देव गुंडाळला, जागा सारवली आणि डोक्यावरच्या टोपलीतून त्याला आणला. बोगद्यात पोचल्यावर देवाला बरं वाटावं म्हणून लग्नाचं गाणंही म्हटलं. सगळा पाडा हे जाणून होता. मी हसावं की रडावं या विचारात होतो आणि खरं सांगायचं तर दोन्ही थोडं थोडं झालं. या बाईने जे केलं, ते आमच्या सगळ्या पत्रकांना जमलं नव्हतं. कट चार दिवस बंद होता.

पण कायदा होता, फिर्यादी होता आणि मोडायला आलेलं लग्न होतं. मी त्याच दिवशी दोन्ही पाड्यांना बोगद्यापाशी बोलावलं. ठाण्यात बोलावलं असतं तर ती भांडायच्या तयारीने आली असती. कारभारी पुतण्याला घेऊन आला, आजी नातीला घेऊन आली. मी सगळं सांगितलं. अपेक्षेप्रमाणे कारभारी भडकला.

“बघा, मी बोललोच ना. साहेब, आत टाका यांना.”

“आजीला आत टाकू?” मी म्हणालो. “मग लग्न लावणार कोण? मी?”

मागे कुणीतरी खुसखुसलं. कारभारी मात्र हसला नाही. तो आजीकडे वळला. “बरां. देव तुमचेकडे रेहेला. मंग आमची माणसां कुठून येतील? कटातूनच ना? तुमचे पोऱ्ये मरू नये, आनि आमचे मेले तर चालतील?”

इतका वेळ ताठ असलेली आजी खाली बघू लागली. मी रस्ता सुरक्षेवर दोन शब्द बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हवालदाराने माझा हात दाबला. कारण नवरी पुढे आली होती.

ती डहाणूला फुग्यांच्या कारखान्यात कामाला जायची. रोज बसने ये-जा, चार माणसांत वावर, बोलणं स्वच्छ. ती कारभाऱ्याला म्हणाली, “काका, लग्न झालं की मी तुमच्या बाजूची. माझी आजी या बाजूला. सणाला मी माहेरी येणार, उद्या कडेवर लेकरू असेल, ते घेऊन येणार. देव इकडे असला काय नि तिकडे असला काय, मला रस्ता रोजचाच. माझा बाप त्या रस्त्यावर गेला. मला सांगा, मी कुठून येऊ?”

कारभाऱ्याने वर, रस्त्याकडे पाहिलं.

“देवाला इथं बसवा,” तिने बोगद्याकडे हात केला. “म्हणजे तुम्हीपण इथून याल आणि आम्हीपण.”

नवरा मुलगा इतके दिवस एक शब्द बोलला नव्हता. तो आता म्हणाला, “मना चाले.” यावर मात्र सगळेच हसले, कारण त्याला काय चाललं नसतं हे सगळ्यांना दिसत होतं.

कारभारी कच्च्या गुरूचा चेला नव्हता. तो म्हणाला, देवाला विचारल्याशिवाय नाही, आणि विचारणार तो स्वतः, कारण आजी एका बाजूची आहे. आजीने लगेच पदरात बांधलेले तांदूळ सोडून त्याच्या हातावर ठेवले. तो खाली बसला, डोळे मिटले, पुटपुटला आणि दाणे टाकून जोड्या लावू लागला. जोडी आली तर होय, एक दाणा उरला तर नाही. मी नोकरीत अनेक निकालांची वाट पाहिली आहे, पण तेव्हाएवढा श्वास कधी रोखला नव्हता. शेवटी एक दाणा उरला. देव नाही म्हणाला होता.

नवरीने ओठ चावला. कारभारी मात्र दाण्याकडे बघत डोकं खाजवत राहिला. मग त्याने मान वर करून बोगद्यात पाहिलं. आत हिरवं पाणी, प्लास्टिकच्या पिशव्या, वटवाघळं. “आसल्या घाणीत तो कसा बसं?” तो स्वतःशीच म्हणाला. “मी असतो तर मीपण नाय बसलो असतो.” आणि त्याने पुन्हा डोळे मिटून मोठ्याने विचारलं, “साफ करून दिला तर बससील का?”

दाणे पडले. त्याने एकेक जोडी बाजूला केली. एकही दाणा उरला नाही.

मग सगळ्या माना वळल्या त्या माझ्याकडे. देवाने अट घातली होती आणि सरकारतर्फे तिथे मी एकटाच हजर होतो.

पुढचे दोन दिवस आम्ही चोर-दरोडेखोर विसरलो. सुपरवायझरला कट कायमचा बंद राहील असं सांगितलं, तर तो स्वतः जेसीबी घेऊन हजर झाला. हॉटेलवाल्या शेठला बोलावून सांडपाण्याची दिशा बदलायला सांगितलं आणि सार्वजनिक उपद्रवाचं कलम नुसतं तोंडओळखीपुरतं ऐकवलं. “अरे साहेब, एमां शूं, आजच करून टाकू,” तो म्हणाला, आणि पाइप तर फिरवलाच, वर बोगद्यात दिव्यांची माळ आपण होऊन लावून दिली. पोरांनी चिखल उपसला. बायकांनी सिमेंटच्या भिंतींना गेरू फासला आणि तांदळाच्या पिठाने चित्रं लिहिली. वर ओळीने ट्रक, खाली ओळीने माणसं. एका चित्रात टोपीवाला, पोट सुटलेला एक माणूस होता. तो कोण, असं मी विचारलं तेव्हा सगळ्या बायका एकदम कामाला लागल्या. पाणी चढणार नाही अशा उंचवट्यावर, बोगद्याच्या आतच पूर्वेच्या तोंडाशी, वाघदेव बसला.

गुन्ह्याचं काय केलं, असं वाचक विचारतील. गुन्हा गैरसमजातून दाखल झाला असं फिर्यादीने पुरवणी जबाबात सांगितलं आणि मी ‘क’ समरीसाठी, म्हणजे प्रकरण बंद करण्यासाठी, अहवाल पाठवला. वरिष्ठांनी बोलावून घेतलं. कागद वाचून त्यांनी विचारलं, “मुद्देमाल कुठे आहे?” मी म्हणालो, “बोगद्यात बसलाय, साहेब. तिथून हलणार नाही म्हणतो.” त्यांनी पेन उघडलं आणि सही केली.

आता या प्रकरणाने मला काय शिकवलं ते सांगतो. रस्त्यावर मरणाऱ्याला आम्ही नेहमी बेशिस्त म्हणतो. असतोही तो कधीकधी. पण कुणी विनाकारण रस्ता ओलांडत नाही. पलीकडे त्याचं काहीतरी असतं. कुणाचा देव, कुणाची विहीर, शाळा, कंपनीची बस, ताडीचं झाड. ते तिकडे का आहे आणि इकडे किंवा मध्ये आणता येईल का, हे विचारायला आम्ही शिकलो नव्हतो. आम्ही फक्त वाट बंद करत होतो. त्या एका ठिकाणी मी असेपर्यंत पायी माणूस पुन्हा मेला नाही, हे खरं. पण त्याच महामार्गावर पुढे-मागे कितीतरी कट आजही रोज उघडतात, रोज बंद होतात. हेल्मेट अजून हँडललाच लटकलेलं असतं आणि नव्या मोटारसायकली जुन्यांपेक्षा जोरात पळतात. एका बोगद्याने महामार्ग सुधारत नाही. प्रत्येक कटापाशी जाऊन कुणीतरी विचारायला हवं, पलीकडे तुमचं काय आहे? हे काम कंटाळवाणं आहे. त्यात पत्रक छापता येत नाही, फोटो निघत नाही. पण ते होतं, एवढं मी डोळ्यांनी पाहिलंय.

लग्नाच्या आदल्या दिवशी, उन्हं कलताना, दोन्ही पाडे देवाला मान द्यायला निघाले. मी बंदोबस्त म्हणून गेलो होतो, खरं तर मला घरी बसवत नव्हतं. मान दिल्यावर पूर्वेचं वऱ्हाड नवरीला घेऊन बोगद्यातून पश्चिमेला जाणार होतं. आत तारपा घुमू लागला तसा बोगदा भरून गेला. वरून ट्रक धडधडत होते आणि खाली माणसं कमरेला हात घालून गोल धरत पुढे सरकत होती. आजी आधीच पलीकडच्या तोंडाशी जाऊन उभी राहिली. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला ती हात लावत होती. पोरांच्या डोक्याला, बायकांच्या दंडाला, म्हाताऱ्यांच्या पाठीला. मीही त्या रांगेत होतो, माझ्याही खांद्यावर तिची थाप पडली. सर्वांत शेवटी नात आली. आजीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला.

मी महामार्गावरचा पोलीस. फोन वाजला की माझ्या तोंडून पहिला प्रश्न ठरलेला निघायचा, ‘किती गेले?’ वर्षानुवर्षं मी तोच विचारत आलो होतो. त्या संध्याकाळी आजी नातीचा हात धरून आमच्याकडे वळली. तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती.

“सगळी आली,” ती म्हणाली.